दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै १९०७, कोसबें, गोवा – २९ जून १९६६, पुणे) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्रज्ञ, संस्कृतचे अभ्यासक आणि इतिहासकार होते. भारताच्या प्राचीन इतिहासाची भौतिकवादी मांडणी करणारे विद्वान म्हणून ते सर्वसामान्य वाचकांना परिचित आहेत. त्यांचा मूळ व्यवसाय मात्र गणिताचा होता. यादृच्छिक फलनांचे परस्परलंब घटकांत विघटन करण्याची रीत त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केली. ही रीत पुढे कारहुनेन आणि लोएव या दोन युरोपीय गणितज्ञांच्या नावाने रूढ झाली. संकेतप्रक्रिया, प्रतिमासंक्षेपण, द्रवगतिकी आणि समांतर संगणकांवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या कार्यक्षमतेचे विश्लेषण अशा अनेक क्षेत्रांत तिची रूपे आज वापरली जातात. जनुकशास्त्रातील कोसंबी प्रतिचित्रण फलन आणि भूमितीतील कोसंबी–कार्तान–चर्न सिद्धांत यांना त्यांचे नाव आहे. पाली पंडित व बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील, तर समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी या त्यांच्या कन्या होत.

जन्म आणि कुटुंब

कोसंबी यांचा जन्म पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात कोसबें येथे झाला. घरात त्यांना बाबा म्हणत. त्यांचे वडील धर्मानंद हे मूळचे गोव्यातील सांखवाळचे. औपचारिक शिक्षणाची फारशी संधी न मिळालेल्या धर्मानंदांनी बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडले आणि नेपाळ, श्रीलंका व ब्रह्मदेश येथे भ्रमंती करून पाली भाषेवर प्रभुत्व मिळवले. आई बाळाबाई यांनी या दीर्घ अनुपस्थितीच्या काळात संसार सांभाळला. पुढे धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि कुटुंब पुण्यात आले. दामोदर यांचे प्रारंभीचे शिक्षण तेथेच झाले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्या देखरेखीखाली चालू होते. या कामासाठी धर्मानंदांना अनेकदा तेथे बोलावण्यात आले. १९१८ साली ते अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले.

शिक्षण

मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे दामोदर यांचे शालेय शिक्षण झाले. हार्वर्डमधील स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक लिओ वीनर यांचा धर्मानंदांशी स्नेह होता. त्यांचे चिरंजीव नॉर्बर्ट वीनर पुढे सायबरनेटिक्स या ज्ञानशाखेचे जनक म्हणून ओळखले गेले. नॉर्बर्ट वीनर आणि कोसंबी यांचा परिचय याच काळातला असून तो पुढेही टिकला.

१९२४ मध्ये कोसंबी हार्वर्डच्या प्रवेशास पात्र ठरले. तथापि प्रवेश पुढे ढकलून ते भारतात परतले आणि काही काळ गुजरात विद्यापीठात काम करणाऱ्या वडिलांजवळ राहिले. जानेवारी १९२६ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस गेले. हार्वर्डमध्ये त्यांनी जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांच्याकडे गणिताचा अभ्यास केला. कोसंबींनी केवळ गणितावर लक्ष केंद्रित करावे असे बर्कहॉफ यांचे मत होते. कोसंबींनी ते मानले नाही. त्यांनी इतर अनेक विषयांचे अभ्यासक्रम घेतले आणि ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषांचा अभ्यास केला. १९२९ साली त्यांनी सर्वोच्च श्रेणीसह बी.ए. पदवी मिळवली, तसेच फाय बीटा कॅपा या विद्वत्मंडळाचे सदस्यत्वही त्यांना लाभले. पुढील संशोधनासाठी अमेरिकेत राहण्याची सोय न झाल्याने ते त्याच वर्षी भारतात परतले. पीएच.डी. त्यांनी कधीही घेतली नाही.

अध्यापन आणि प्रारंभीचे संशोधन

भारतात आल्यावर कोसंबी बनारस हिंदू विद्यापीठात रुजू झाले. तेथे ते गणिताबरोबर जर्मन भाषाही शिकवत. १९३१ साली त्यांचा विवाह नलिनी मडगावकर यांच्याशी झाला. त्याच वर्षी फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांच्या निमंत्रणावरून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. वेल त्या वेळी पंचविशीत होते आणि अलीगढच्या गणित विभागाची नव्याने उभारणी करू पाहत होते.

या काळातील एक गोष्ट गणिताच्या इतिहासात नोंदली गेली आहे. वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला आणि त्यात बूरबाकी नावाच्या एका काल्पनिक गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार दिला. पुढे वेल व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी निकोला बूरबाकी याच टोपणनावाने आधुनिक गणिताची ग्रंथमाला लिहिली आणि विसाव्या शतकातील गणिताच्या मांडणीवर तिचा खोल ठसा उमटला. बूरबाकी हे नाव गणिताच्या वाङ्मयात प्रथम आले ते कोसंबींच्या या निबंधात.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. वडिलांनी जेथे पाली शिकवली होती, त्याच संस्थेत त्यांनी बारा वर्षे अध्यापन केले. याच काळात त्यांचे सर्वांत मौलिक गणिती लेखन झाले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. सी. व्ही. रामन यांनी स्थापन केलेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे ते आरंभीच्या अधिछात्रांपैकी एक होते.

गणितातील कार्य

पथभूमिती

कोसंबींचे पहिले महत्त्वाचे संशोधन विभेदक भूमितीतील आहे. दुसऱ्या कोटीच्या विभेदक समीकरणांची उत्तरे म्हणजे अवकाशातील वाटा होत, अशी कल्पना केल्यास त्या वाटांच्या संचाला स्वतःची भूमिती असते. शेजारच्या दोन वाटा परस्परांजवळ येतात की दूर जातात, यावरून त्या समीकरणाने वर्णिलेली प्रणाली स्थिर आहे की अस्थिर, हे ठरवता येते. कोसंबींनी १९३३ मध्ये या विषयावरील निबंध जर्मनीतील एका अग्रगण्य गणित नियतकालिकात प्रसिद्ध केला. फ्रेंच गणितज्ञ एली कार्तान यांनी त्याच नियतकालिकात त्यावर पूरक टिपण लिहिले. पुढे १९३९ मध्ये शिइंग-शेन चर्न यांनी या विषयाचा विस्तार केला. त्यामुळे हा सिद्धांत तिघांच्या नावाने ओळखला जातो. आज त्याचा उपयोग परिसंस्थांच्या व यांत्रिक प्रणालींच्या स्थैर्याच्या अभ्यासात होतो.

परस्परलंब विघटन

१९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात कोसंबींनी फलन-अवकाशातील संख्याशास्त्र या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. अनेक राशींची मोजमापे हाती असता त्यांतील परस्परसंबंध ओळखून थोड्या मुख्य घटकांत त्यांचे सार काढण्याची रीत कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये आणि हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये मांडली होती. तेथे राशींची संख्या सांत होती. कोसंबींनी विचारात घेतलेला प्रश्न यापेक्षा व्यापक होता. निरीक्षण म्हणजे काही सुट्या संख्या नसून सलग वक्र असेल, उदाहरणार्थ दिवसभरातील तापमानाचा आलेख, आणि असे अनेक वक्र यदृच्छेने हाती येत असतील, तर त्यांचे वर्णन कमीत कमी घटकांत कसे करावे, हा तो प्रश्न होय.

कोसंबींनी दाखवले की अशा वक्रांच्या सहप्रचरणावरून परस्परलंब फलनांचा एक संच काढता येतो. प्रत्येक वक्र या फलनांच्या योग्य पटींची बेरीज म्हणून लिहिता येतो आणि या पटी संख्याशास्त्रीय दृष्ट्या परस्परांशी सहसंबंध नसलेल्या असतात. फलनांचा क्रम महत्त्वानुसार लागतो. पहिल्या फलनात चढउताराचा सर्वांत मोठा भाग सामावतो, दुसऱ्यात उरलेल्यापैकी सर्वांत मोठा, असे होत जाते. त्यामुळे पहिली थोडी पदे ठेवून बाकीची सोडून दिली, तरी होणारी चूक अन्य कोणत्याही तितक्याच पदांच्या विस्तारापेक्षा सरासरीने कमी राहते.

थोड्याच वर्षांनी फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्समध्ये काम करणारे मिशेल लोएव यांनी स्वतंत्रपणे हेच विघटन अधिक सर्वसामान्य स्वरूपात मांडले. महायुद्धाच्या काळात भारतीय नियतकालिकात आलेला कोसंबींचा निबंध बाहेर फारसा वाचला गेला नाही आणि पाठ्यपुस्तकांत कारहुनेन–लोएव हे नाव स्थिर झाले. एकविसाव्या शतकात वैमानिकी शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी कोसंबींच्या अग्रक्रमाकडे लक्ष वेधले. आता या रीतीला कोसंबी–कारहुनेन–लोएव विघटन असेही म्हटले जाते.

जनुकीय अंतराचे सूत्र

१९४४ मध्ये कोसंबींनी जनुकशास्त्रातील एका प्रश्नावर केवळ चार पानांचा निबंध लिहिला. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके वारसाक्रमात किती वेळा वेगळी होतात, हे प्रयोगाने मोजता येते. या प्रमाणास पुनर्संयोजनाचे प्रमाण म्हणतात. ते जनुकांमधील अंतराचे निदर्शक असले, तरी अंतराशी सरळ प्रमाणात वाढत नाही, कारण दूरच्या जनुकांमध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल होऊन ती मोजणीतून निसटू शकते. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये या दुरुस्तीसाठी सूत्र दिले होते. त्यात एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर परिणाम होत नाही, असे गृहीत होते. प्रत्यक्षात एक अदलाबदल जवळपासची दुसरी अदलाबदल रोखते. कोसंबींनी ही अडवणूक अंतरानुसार कमी होत जाते, असे मानून नवे सूत्र काढले.

दोन्ही सूत्रांतील फरक उदाहरणाने स्पष्ट होतो. पुनर्संयोजनाचे प्रमाण ३० टक्के आढळल्यास हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४५.८ सेंटिमॉर्गन येते, तर कोसंबींच्या सूत्राने ३४.७ सेंटिमॉर्गन. प्रमाण १० टक्के असेल, तर कोसंबींचे सूत्र १०.१ हे जवळजवळ तेवढेच अंतर देते. वनस्पती व प्राण्यांच्या जनुकीय नकाशांसाठी आजही संगणकीय साधनांत ही दोनच सूत्रे प्रामुख्याने पर्याय म्हणून दिलेली असतात.

नाण्यांचे संख्याशास्त्र

संख्याशास्त्र शिकताना हाती एखादा खरा प्रश्न असावा, म्हणून कोसंबी प्राचीन भारतातील चांदीच्या आहत नाण्यांकडे वळले. या नाण्यांवर राजाचे नाव किंवा सनावळी नसते. एका बाजूस सूर्य, चक्र, प्राणी अशा चिन्हांचे ठसे असतात आणि दुसऱ्या बाजूस अनेकदा लहान लहान खुणा आढळतात. नाणी कोणत्या क्रमाने पाडली गेली, हे चिन्हांच्या अर्थाविषयीच्या तर्कांतून ठरत नव्हते. कोसंबींनी वजनाचा मार्ग घेतला.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एकाच वेळी, एकाच प्रमाणाने पाडलेली नाणी दीर्घकाळ वापरात राहिली, तर त्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांतील तफावत वाढते. हे गृहीत तपासण्यासाठी त्यांनी प्रथम चलनातील आधुनिक नाणी हजारोंच्या संख्येने वजन केली. आधुनिक नाण्यांवर साल असल्याने झीज आणि काळ यांचे नाते थेट पाहता आले. त्यानंतर तक्षशिलेच्या साठ्यासह विविध साठ्यांतील आहत नाणी त्यांनी सूक्ष्म तराजूवर तोलली. अशा रीतीने त्यांनी स्वतः वजन केलेल्या नाण्यांची एकूण संख्या सुमारे १२,००० होती. दुसऱ्या बाजूवरील खुणा जितक्या अधिक तितके वजन कमी, असा संबंध त्यांना आढळला. या खुणा व्यापाऱ्यांनी वेळोवेळी नाणे तपासून उठवलेल्या असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नाण्यांचा हा अभ्यासच त्यांना इतिहासाकडे घेऊन गेला. नाणी कोणी पाडली या प्रश्नाच्या उत्तरासाठी त्यांना जुने ग्रंथ वाचावे लागले आणि ग्रंथांसाठी संस्कृत व पाली यांचा सखोल अभ्यास करावा लागला.

टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि गणकयंत्रे

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून निमंत्रित केले. संस्थेच्या गणित विभागाचा आरंभ त्यांच्यापासून झाला. पुण्यातील घर न सोडता ते डेक्कन क्वीनने मुंबईस जात-येत. या प्रवासाच्या वेळात त्यांनी पुष्कळ वाचन व लेखन केले.

१९४८–४९ मध्ये युनेस्कोच्या अधिछात्रवृत्तीवर ते इंग्लंड व अमेरिकेस गेले. गणकयंत्रांची तात्त्विक व तांत्रिक अंगे अभ्यासणे हा या दौऱ्याचा विषय होता. इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचे ते उषःकालाचे दिवस होते. पेनसिल्व्हेनियातील एनिअ‍ॅक यंत्र १९४६ मध्ये जगापुढे आले होते, आज्ञावली स्मृतीत साठवणारी पहिली यंत्रे मँचेस्टर व केंब्रिज येथे आकार घेत होती आणि प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत जॉन फॉन नॉयमन यांचे यंत्र उभारले जात होते. कोसंबी या दौऱ्यात शिकागो विद्यापीठात भूमितीचे अभ्यागत प्राध्यापक होते आणि प्रिन्स्टनच्या संस्थेतही त्यांनी काही काळ घालवला. त्या वेळी भारतात एकही इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र नव्हते. टाटा संस्थेत पुढे आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हे यंत्र तयार झाले. त्याची प्रायोगिक आवृत्ती १९५६ मध्ये चालू झाली आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले.

कोसंबींचा संगणनाशी संबंध यंत्रनिर्मितीचा नसून गणिताचा होता. सहप्रचरणावरून परस्परलंब फलने काढणे हाताने जवळजवळ अशक्य असते. १९४३ मध्ये मांडलेली रीत प्रत्यक्षात वापरता येऊ लागली, ती वेगवान संगणक सर्वत्र उपलब्ध झाल्यावरच.

मतभेद आणि सेवासमाप्ती

भाभा व कोसंबी यांचे आरंभीचे सौहार्द पुढे टिकले नाही. कोसंबी मार्क्सवादी विचारांचे होते आणि जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते. जागतिक शांतता परिषदेचे ते सदस्य होते व त्या निमित्ताने त्यांनी सोव्हिएत संघ आणि चीनला भेटी दिल्या. अणुऊर्जेवर देशाने मोठा खर्च करावा, हे धोरण त्यांना अमान्य होते. भारतासारख्या उष्ण कटिबंधातील देशात सूर्यप्रकाश विपुल व सर्वत्र मिळतो, तेव्हा विकेंद्रित स्वरूपात सौरऊर्जा वापरण्याचे संशोधन अधिक उपयुक्त व स्वस्त ठरेल, अशी त्यांची मांडणी होती. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असलेले भाभाच संस्थेचे संचालक असल्याने हा मतभेद केवळ वैचारिक राहिला नाही.

दुसरे कारण गणितातले होते. बर्नहार्ड रीमान यांनी १८५९ मध्ये मांडलेले गृहीतक मूळ संख्यांच्या वाटणीविषयी आहे आणि ते आजवर सिद्ध झालेले नाही. कोसंबींनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात संभाव्यतेच्या मार्गाने त्यावर काम केले. १९५९ मध्ये त्यांनी या विषयावरील निबंध भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष मान्य झाल्यास गृहीतकाची सिद्धता हाती येणार होती. संख्याशास्त्राचे ते नियतकालिक अंकसिद्धांताच्या तज्ज्ञांच्या नजरेखालचे नव्हते. तज्ज्ञांनी हा युक्तिवाद स्वीकारला नाही. अशा मार्गातील मूळ अडचण अशी की यदृच्छेने निर्माण होणाऱ्या बहुतेक सर्व क्रमिकांना लागू पडणारे विधान मूळ संख्यांच्या एकमेव, निश्चित क्रमिकेस लागू पडतेच असे नाही. कोसंबींनी १९६४ मध्ये या विषयावर आणखी एक निबंध लिहिला, पण सिद्धता उभी राहिली नाही. या प्रकरणाने गणितज्ञ म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेस मोठा धक्का बसला आणि त्यांच्या आधीच्या भक्कम कामाकडेही दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

१९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या सेवेचा करार पुढे चालू ठेवला नाही. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना एमेरिटस शास्त्रज्ञ म्हणून नेमले. पुण्यातील महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या संस्थेशी संलग्न राहून त्यांनी अखेरपर्यंत काम केले.

इतिहास आणि संस्कृतचा अभ्यास

संस्कृत वाङ्मयात कोसंबींनी भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शेकडो हस्तलिखितांच्या तुलनेवर आधारलेली ही आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्याकराच्या सुभाषितरत्नकोशाचे संपादन त्यांनी वा. वि. गोखले यांच्या सहकार्याने केले. ते १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत आले. ज्या विद्यापीठात वडिलांनी विसुद्धिमग्गाचे काम केले होते, तेथील ग्रंथमालेत मुलाचेही नाव समाविष्ट झाले.

भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. राजघराण्यांच्या कालक्रमाऐवजी उत्पादनाची साधने व उत्पादनसंबंध यांतील बदलांचा क्रम म्हणजे इतिहास, अशी त्याची बैठक आहे. १९६२ मधील मिथ अँड रिअ‍ॅलिटी या निबंधसंग्रहात भगवद्‌गीतेची सामाजिक बाजू, उर्वशी-पुरूरवा कथेचा अर्थ, चौरस्त्यांवरील मातृदेवता आणि गोव्यातील जुन्या काबिजादींमधील ग्रामसंस्था यांवरील लेखन आहे. १९६५ मध्ये प्राचीन भारताची संस्कृती व सभ्यता यांची रूपरेषा देणारे पुस्तक आले. मार्क्सच्या लेखनातील आशियाई उत्पादनपद्धतीची कल्पना भारतास जशीच्या तशी लागू करणे त्यांनी नाकारले. त्यामुळे मार्क्सवाद्यांतही त्यांचे स्थान स्वतंत्र राहिले.

ग्रंथांइतकेच महत्त्व कोसंबी प्रत्यक्ष पायपिटीस देत. पुण्याच्या परिसरातील टेकड्यांवर त्यांनी सूक्ष्मास्त्रे गोळा केली, शेंदूर लावलेल्या ग्रामदेवतांच्या जागा नोंदल्या आणि धनगरांच्या हंगामी वाटांचा मागोवा घेतला. म्हसोबा, वेताळ आणि निरनिराळ्या मातृदेवता यांची स्थाने जुन्या वाटांच्या संगमांवर आढळतात व त्याच जागी सूक्ष्मास्त्रेही सापडतात, यावरून त्यांनी पूजेचे सातत्य प्रागैतिहासिक काळापर्यंत नेले. कार्ले, जुन्नर येथील बौद्ध लेणी घाटमाथ्याजवळ व्यापारी मार्गांवर का आहेत, याचे उत्तर त्यांनी व्यापार आणि विहार यांच्या परस्परसंबंधात शोधले. कोकणातील बंदरे व देश यांना जोडणाऱ्या घाटवाटा सह्याद्रीत सर्वत्र आहेत. नाणेघाट व बोरघाटाप्रमाणेच दक्षिणेस सिंधुदुर्गातील फोंडाघाट हा कोकणातून कोल्हापूरकडे चढणारा असाच मार्ग होय. कोसंबींचे क्षेत्रकार्य मुख्यतः पुणे व जुन्नर भागात झाले असले, तरी घाट, बंदर आणि बाजार यांच्या नात्यातून वसाहतींचा इतिहास वाचण्याची त्यांची पद्धत या संपूर्ण पट्ट्यास लागू पडते.

निधन

२९ जून १९६६ रोजी पहाटे पुण्यातील राहत्या घरी झोपेतच हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षे होते. होमी भाभा यांचा त्याच वर्षी जानेवारीत विमान अपघातात मृत्यू झाला होता.

आधुनिक संगणनातील उपयोग

कोसंबींच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९६७ मध्ये, त्यांच्या कार्याशी पुढे जोडल्या गेलेल्या दोन गोष्टी घडल्या. जॉन लमली यांनी प्रक्षुब्ध द्रवप्रवाहातील मोठ्या रचना ओळखण्यासाठी परस्परलंब विघटनाचा उपयोग सुचवला. जीन अ‍ॅमडाल यांनी समांतर संगणनाची मर्यादा सांगणारा नियम मांडला. प्रोग्रामचा जो भाग एकामागून एक असाच करावा लागतो, तो एकूण कामाच्या ५ टक्के असेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी वेग २० पटींहून अधिक वाढू शकत नाही, असा या नियमाचा अर्थ आहे.

समांतर प्रोग्राम प्रत्यक्षात किती वेगाने चालेल, हे मात्र एवढ्या साध्या सूत्राने सांगता येत नाही. प्रोसेसरमधील संदेशांची देवाणघेवाण, स्मृतीपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ, कामाची असमान वाटणी अशी अनेक कारणे वेग घटवतात. म्हणून कार्यक्षमतेची प्रतिमाने आपोआप तयार करणारी साधने विकसित झाली. अशी साधने प्रोग्राम मोजक्या प्रोसेसरांवर चालवून मोजमापे घेतात, त्यांना जुळणारे सूत्र शोधतात आणि हजारो प्रोसेसरांवर प्रोग्रामच्या कोणत्या भागाचा वेळ असह्य वाढेल, याचे अनुमान करतात.

या मोजमापांचा ढीग हीच मोठी अडचण ठरते. प्रोसेसरमधील गणित्रे आज्ञांची संख्या, स्मृतीतील चुकामूक, थांबण्याचा काळ अशा अनेक राशी एकाच वेळी नोंदवतात आणि प्रोसेसर हजारो असतात. यांतील कित्येक राशी एकमेकींबरोबरच वाढतात किंवा घटतात. तेव्हा मुख्य घटक विश्लेषणाने त्यांचे थोड्या परस्परलंब घटकांत रूपांतर करून त्या घटकांवरून सारखे वागणाऱ्या प्रोसेसरांचे गट पाडले जातात. हे विश्लेषण म्हणजे पिअर्सन व हॉटेलिंग यांच्या रीतीचे सांत रूप होय. निरीक्षण सलग काळातील फलन असते, तेव्हा त्याचेच व्यापक रूप म्हणून कोसंबी–कारहुनेन–लोएव विघटन पुढे येते. हवामान किंवा द्रवप्रवाह यांची महासंगणकावर चालणारी अवजड प्रतिमाने लहान करण्यासाठीही हेच विघटन वापरतात.

पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक १९८८ मध्ये स्थापन झाले आणि १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा समांतर महासंगणक तयार झाला. समांतर संगणन कोसंबींच्या शहरात पोहोचले, ते त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

वारसा

इतिहासकार म्हणून कोसंबींचा प्रभाव त्यांच्या निधनानंतर वाढत गेला. राम शरण शर्मा, रोमिला थापर, इरफान हबीब आदी इतिहासकारांनी त्यांच्या पद्धतीची दखल घेतली, काहींनी तिच्यातील तपशिलांशी मतभेदही नोंदवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० मध्ये त्यांना मरणोत्तर हरि ओम आश्रम पुरस्कार दिला. जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारतीय डाक विभागाने ३१ जुलै २००८ रोजी त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मीरा कोसंबी यांनी वडिलांविषयीच्या व वडिलांच्या लेखनाचे संपादन केले.

गणिती कार्याचे पुनर्मूल्यांकन तुलनेने उशिरा झाले. रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेला कोसंबींच्या निवडक गणिती व संख्याशास्त्रीय निबंधांचा संग्रह २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे विखुरलेल्या नियतकालिकांत पडून राहिलेले लेखन एकत्र उपलब्ध झाले. रीमान गृहीतकाच्या अयशस्वी सिद्धतेवरून त्यांच्या गणिताचा निवाडा करण्याची पद्धत आता मागे पडली असून १९३३, १९४३ आणि १९४४ या तीन वर्षांतील निबंध हे त्यांचे टिकाऊ गणिती कार्य मानले जाते. या तिन्ही निबंधांच्या वेळी ते परदेशी प्रयोगशाळेत वा संशोधन संस्थेत नव्हते. अध्यापन हाच व्यवसाय असलेले ते महाविद्यालयीन शिक्षक होते.